सारंगखेड्याची झूल आणि गल्लीतलं कुत्रं

दत्तजयंतीला शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. या बाजाराला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतात. मारवाडातून, काठेवाडातून घोडे येतात आणि सौदे लाखांत होतात. शेजारीच साजाची दुकानं लागलेली असतात. खोगीर, लगाम, रिकिबी, मोरक्या, रंगीत गोंडे, घुंगरांचे पट्टे, आरसे लावलेल्या झुली. घोडा घेतलेला माणूस या दुकानांपाशी थांबल्याशिवाय घरी जात नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणारा, गळ्यात नवी घुंगुरमाळ घालणारा शेतकरीही हात आखडता घेत नाही. जनावरासाठी केलेल्या या खर्चाला खान्देशात कुणी चोचले म्हणत नाही. कारण घोडा असो की बैल, त्याच्या साजाआधी त्याची वैरण, पाणी, नाल आणि गोठा यांची सोय झालेली असते.

त्याच दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे उभे असतात. चार वेदांची ती रूपं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. याच मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. खंडोबाची तळी भरली जाते, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि अनेक घरांत त्यातला घास आठवणीने कुत्र्याला घातला जातो, कारण कुत्रा हा खंडोबाचा सोबती. म्हणजे मराठी वर्षात कुत्र्याच्या वाट्याला थोडा मान येतो तो मार्गशीर्षात, आणि तोही देवाच्या आडून. बैलाला पोळा आहे, गाय-वासराला वसुबारस आहे. त्याच दिवशी सातपुड्याच्या पाड्यांवर वाघदेवाची आठवण होते. कुत्र्याचा म्हणून स्वतःचा सण आपल्याकडे नाही. तो नेपाळात आहे. आपण नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान करतो त्या सुमाराला नेपाळी घरांत ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर टिळा, पुढ्यात ताट. घरातल्या कुत्र्याला जसा हा मान मिळतो, तसाच रस्त्यावरच्यालाही मिळतो.

हे सगळं आठवण्याचं कारण असं की गेल्या काही वर्षांत नंदुरबारसारख्या जिल्ह्यातही कुत्र्यांच्या साजाचा बाजार येऊन पोचला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव म्हणजे अक्राणी, असे सहा तालुके, आणि लोकवस्ती मुख्यतः आदिवासी. सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेने आणि महामार्गाने इथल्या माणसांचे पाय कापडासाठी, इस्पितळासाठी, रोजगारासाठी सुरतेकडे वळलेले. आता मोबाइलवर मागवलेलं खोकं तालुक्याच्या गावापर्यंत येतं आणि त्यात कुत्र्याचा खाऊ, चघळायचं हाड, आवाज करणारं खेळणं, मखमली गादी, वाढदिवसाची टोपी असं काहीही असू शकतं. वस्तू आल्या याचं मला वाईट वाटत नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. घोड्याच्या बाबतीत आपण जो क्रम चुकत नाही, तो कुत्र्याच्या बाबतीत उलटा झाला आहे. आधी साज येतो. लस, नसबंदी, मोकळीक आणि रात्रीचा आडोसा मागाहून येतात किंवा येतच नाहीत. आणि ज्याच्यासाठी हा सगळा थाट करायचा ते कुत्रं गल्लीत फुकट, भुकेलं, माणसाकडे आशेने बघत उभं असताना आपण ते परगावाहून विकत आणतो.

कुत्र्याच्या खाऊचा धंदा मुळात फार जुना नाही. १८६० च्या सुमाराला जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने इंग्लंडात बंदरावर पाहिलं की खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटं कुत्री आवडीने खातात. त्याने गहू, भाज्या आणि मांस यांची वडी करून विकायला सुरुवात केली. तिथून आजच्या पाकिटापर्यंतचा रस्ता सरळ आहे. भारतात ‘पेडिग्री’ हे नाव घरोघरी पोचलं, छत्तीसगडच्या राजनांदगावच्या उद्योगसमूहाने ‘ड्रूल्स’ बाजारात आणलं, २००८ मध्ये ‘हेड्स अप फॉर टेल्स’ने कुत्र्यांच्या वस्तूंची दुकानंच काढली. मुंबई-पुण्यात हा बाजार आला तेव्हा त्याच्या आगेमागे दवाखानेही होते. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं. पुण्यात रेस्क्यू ट्रस्टसारख्या संस्था उभ्या राहिल्या. जुलै २०२४ मध्ये रतन टाटांच्या आग्रहातून महालक्ष्मीला छोट्या प्राण्यांचं १६५ कोटींचं इस्पितळ सुरू झालं. ‘बॉम्बे हाउस’च्या नूतनीकरणात त्याच टाटांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली करून घेतली होती. आमच्या भागात पाकीट पोचलं, पण मागोमाग यायला हवं होतं ते आलं नाही. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांसाठी उभे राहिले, आणि ते योग्यच होतं. पण कुत्र्याचं मोडलेलं हाड किंवा अडलेलं बाळंतपण आलं की इथला माणूस गाडी काढून मोठ्या शहराची वाट धरतो.

आता खाऊबद्दल सविस्तर बोलू, कारण सर्वात जास्त नुकसान इथेच होतं आणि तेही प्रेमापोटी.

खान्देशी ताटातलं उरलेलं कुत्र्याला घालायची रीत घरोघरी आहे. भाकरी घातली तर बिघडत नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या जनुकांत पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता वाढलेली आहे. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्यावर राहिल्याचा तो परिणाम. तेव्हा ज्वारीची भाकरी आणि थोडं दूध-ताक यावर आपली गावठी कुत्री तगली यात नवल नाही. मात्र ती भाकरी ज्यात कुस्करली जाते ते कालवण बघा. शेवभाजीचा रस्सा, काळा मसाला, नंदुरबारची मिरची, आणि सगळ्याच्या तळाशी कांदा-लसूण. कांदा, लसूण आणि कांद्याची पात कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका दिवसात काही दिसत नाही. आठवडाभर रोज थोडं थोडं पोटात गेलं की हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर होते, कुत्रं पडून राहतं, आणि आपण म्हणतो, काहीतरी बाधलं. कांद्याच्या पातीचं भरीत हा आमचा जीव की प्राण. कुत्र्याच्या तोंडी ते जाऊ नये. मालकाने आपल्या भाकरीतला चतकोर रश्श्यात न बुडवता बाजूला काढला, एवढंही पुरतं.

दिवाळीच्या फराळात दुसरा धोका दडलेला असतो. मनुका. चिवड्यातल्या, लाडवातल्या. द्राक्षं आणि मनुका खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती खाल्ल्याने असं होईल याचा भरवसा नाही. काही कुत्री मूठभर पचवतात, काही थोड्यावरही दगावतात. भेट आलेल्या चॉकलेटच्या डब्याचंही तेच. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही; चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. ‘साखरमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं. ते पोटात गेलं तर कुत्र्याची रक्तातली साखर काही वेळात धोकादायक पातळीपर्यंत उतरते. पाहुण्यांची लहान मुलं हौसेने कुत्र्याला भरवतात. दिवाळीत त्यांच्याकडे लक्ष ठेवायला घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.

बाजारातल्या पाकिटातला खाऊ घ्यायचाच असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. पहिली दोन-तीन नावं मांस, कोंबडी, मासे, अंडं यांची असतील तर तो खाऊ. तीच जर मैदा, साखर, रंग अशी असतील तर ते बिस्कीट, आणि गल्लीतल्या कुत्र्यांना आपण घालतो त्या ग्लुकोजच्या बिस्किटाहून ते फारसं वेगळं नाही. पशुवैद्य सांगतात की दिवसाच्या आहाराचा फार तर दहावा भाग खाऊ असावा. घरात चार माणसं असली आणि चौघंही दिवसभर एकेक तुकडा टाकत राहिली की हा दहावा भाग सकाळीच संपतो. मग चार वर्षांचं लॅब्रॅडॉर जिना चढताना धापा टाकतं. त्याला आपण आळशी ठरवतो, आणि त्याचे सांधे आपल्या लाडाचं ओझं वाहत असतात.

आमच्याकडे या खाऊची खाण घराशेजारी आहे. नवापूर म्हणजे कोंबड्यांचा तालुका. कोंबडीचे पंजे, काळीज, मान हे जे खाटकाकडे स्वस्तात मिळतं, तेच वाळवून, पिशवीत भरून शहरात कुत्र्यांचा खास खाऊ म्हणून विकलं जातं. घरी करणं अवघड नाही. काळीज मीठ-मसाल्याशिवाय पाण्यात पूर्ण शिजवायचं, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे आणि मंद आचेवर तव्यावर कोरडे होईपर्यंत परतायचे. डब्यात घालून थंड ठेवले तर तीन-चार दिवस टिकतात. काळजात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून रोज दोन-चार तुकड्यांवर थांबायचं. शिजवलेलं हाड मात्र देऊ नये. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या निघतात आणि आतड्यात रुततात. कच्चं मांस तर नवापूरच्या माणसाने देऊच नये. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये याच नवापुरात सापडला होता. लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या, घरं उद्ध्वस्त झाली. अगदी अलीकडे नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच जातीच्या विषाणूने मेले. दूषित कोंबडीतून तो आला असावा, असा संशय व्यक्त झाला. उकळत्या पाण्यात हा विषाणू टिकत नाही. तेव्हा शिजवण्याचा आळस करायचा नाही.

चघळायच्या कातडी हाडांबद्दल थोडक्यात. ती गुरांच्या कातड्याची असतात, ओली झाली की फुगतात, मोठा तुकडा गिळला गेला तर घशात किंवा आतड्यात अडकतो. हिमालयातल्या याकच्या दुधाची कडक छुर्पी हल्ली मिळते, ती बरी. पण एवढ्या लांबून काही मागवण्याची गरजच काय, असं मला वाटतं. फ्रीजमधलं गाजर दिलं तर दात येणारं पिल्लू तेवढंच खूष होतं.

खेळण्यांची गोष्ट खाऊपेक्षा सोपी. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येतात आणि हिरड्या शिवशिवतात. चप्पल, सोफा, मुलांची वही हे सगळं त्या वयात जातं. त्याला मार देऊन काही होत नाही. चावायला हक्काची वस्तू द्यावी लागते. जुनी सुती साडी तीन पट्ट्यांत फाडून घट्ट वेणी घालायची, दोन्ही टोकांना गाठ मारायची. झालं खेळणं. रोज बघायचं, सुतं लोंबायला लागली की फेकून नवं करायचं, कारण लांब सूत पोटात गेलं तर शस्त्रक्रियेची वेळ येते. मोठ्या कुत्र्याला कंटाळा हा खरा शत्रू असतो. जुना टॉवेल घ्या, त्यावर भाकरीचे आणि काळजाचे बारीक तुकडे पसरा, गुंडाळी करून सैल गाठ मारा आणि त्याच्यासमोर ठेवा. तो आधी नाकाने सगळी गुंडाळी हुंगतो, एका टोकाला पंजा दाबून धरतो, दाताने कड ओढतो, एक तुकडा सुटला की थांबून पुन्हा हुंगतो. पाव तासाच्या या कामाने तो जितका दमतो तितका अंगणात पळूनही दमत नाही. हुंगणं हे कुत्र्याचं वाचन आहे. ते त्याला रोज मिळायला हवं. पोकळ रबरात खाऊ भरून द्यायची जगभरातली महागडी खेळणी हेच करतात.

साजात पहिला येतो गळपट्टा. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण कुत्र्यांची सुटका करणारे कार्यकर्ते एक दृश्य पुनःपुन्हा बघतात. कुणीतरी मायेने गल्लीतल्या दोन महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्यात लाल पट्टा किंवा नायलॉनची दोरी बांधतं. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही. चार-पाच महिन्यांनी तो कातडीत रुततो, जखमेत अळ्या पडतात, आणि कुत्रं कुणाला जवळ येऊ देत नाही. पिल्लाला पट्टा बांधणाऱ्याने तो दर पंधरवड्याला सैल करायची जबाबदारीही घ्यावी, नाहीतर बांधू नये. घुंगरांचा पट्टा बैलाला शोभतो, कुत्र्याला त्याचा त्रास होतो. आपण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकतो, कुत्रा सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत ऐकतो. त्याच्या कानाखाली दिवसरात्र वाजणारी ती किणकिण कल्पना करून बघा. उलट कोंडाईबारी घाटातून नवापूरकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या वस्त्यांत रात्री चमकणारा साधा पट्टा कुत्र्याचा आणि मोटरसायकलवाल्याचा, दोघांचाही जीव वाचवू शकतो. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करावेत.

स्वेटर, बूट, चष्मे यांच्याबद्दल राग नाही, पण एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात कुत्र्याला कपडे कशाला हवेत? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. त्यामुळे तोंड करकचून बांधणारी मुसकीही उन्हात घातक. आणि सर्वात मोठा अन्याय म्हणजे सैबेरियन हस्कीसारखं बर्फातलं कुत्रं खान्देशात आणणं. दुहेरी केसांचं ते जनावर मे महिन्यात फरशीवर पोट टेकून दिवस ढकलतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर साधा श्वासही पुरत नाही. २००३ च्या सुमाराला मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि देशभर त्याची मागणी वाढली. ते गोड तोंड हाच त्याचा आजार आहे हे कुणी सांगितलं नाही. कुत्र्याच्या शरीराचं तापमान एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जीव धोक्यात येतो. असं झालं तर बर्फाचं नाही, साधं पाणी अंगावर, पोटावर, पंजांवर ओतत राहायचं, पंखा लावायचा आणि तसंच दवाखान्यात न्यायचं.

साखळीबद्दल लिहिताना मात्र माझा संयम सुटतो. चोवीस तास दारात बांधलेलं कुत्रं हे आमच्या भागातलं नेहमीचं चित्र, आणि त्या साखळीला नवा रंगीत पट्टा जोडला तरी चित्र बदलत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ स्पष्ट सांगतं की कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा आहे. कुत्रं सोडून देणं, उपाशी मरेल अशा स्थितीत टाकणं, हाही गुन्हा. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. रक्कम कित्येक दशकांपूर्वीची, तशीच राहिलेली. आज कुत्र्याच्या बिस्किटांचा साधा पुडाही त्याहून महाग असतो. पाळलेलं जनावर रस्त्यावर टाकण्याची किंमत त्याच्या खाऊहून कमी असेल तर कायद्याचा धाक कुणाला वाटणार?

आमच्याकडे साखळीचा आणखी एक अर्थ आहे, तो पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन कळणार नाही. तळोदा, शहादा, अक्कलकुवा या पट्ट्यात उसात बिबटे राहतात. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की बिबट्याने खाल्लेल्या मांसात सत्त्याऐंशी टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्याचा एकोणचाळीस टक्के. रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही, झुंजू शकत नाही. ते राखण करत नाही, ते आमिष होतं, आणि बिबट्याला आपल्याच ओट्यापर्यंत यायची सवय लावतं. सातपुड्यातल्या विखुरलेल्या पावरा-भिल्ल पाड्यांवर एकेका घराला कुत्र्याचाच पहारा असतो. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलारींच्या वाड्याचीही तीच गोष्ट. त्या माणसांना कुत्र्याची किंमत कुणी शिकवायला नको. ऊसपट्ट्यात कुत्रा पाळणाऱ्याने पहिली वस्तू घ्यावी ती रात्रीसाठी जाळीचा, कडीचा, छप्पर असलेला पिंजरा. दिवसा मोकळं, रात्री आत. गादी, खेळणी, टोपी त्यानंतर.

आता मूळ प्रश्न, कुत्रं आणायचं कुठून. पैसे देऊन जातिवंत पिल्लू घेणाऱ्यांनी २०१७ चे कुत्रा प्रजनन आणि विपणन नियम माहीत करून घ्यावेत. प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिचं प्रजनन करता येत नाही, आणि उभ्या आयुष्यात पाचाहून अधिक वेळा नाही. पिल्लू घेताना नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची आई दाखवा म्हणा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघून या. खोक्यात भरून बसच्या टपावरून आलेलं पिल्लू अनेकदा पार्व्हो या विषाणूची लागण घेऊन येतं. घरी आल्यावर उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि मुलांच्या डोळ्यांदेखत दोन दिवसांत सगळं संपतं.

गल्लीतलं पिल्लू मात्र याच मातीचं असतं. आखूड केस, उभे कान, सडपातळ अंग, उन्हाची सवय. त्याचं दुर्दैव एवढंच की ते रस्त्यावर जन्मतं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम बंगालमधल्या पंच्याण्णव वेतांतल्या तीनशे चौसष्ट पिल्लांवर नजर ठेवली. सात महिन्यांच्या वयापर्यंत जगली ती फक्त एकोणीस टक्के, आणि मरणांमागे मोठा हात माणसाचा होता. गाड्या, मार, विष, उचलून नेणं. त्याच गटाचा २०१७ चा दुसरा अभ्यास मला जास्त हलवून गेला. अनोळखी माणसाने काही दिवस काही कुत्र्यांना खाऊ दिला, काहींना नुसतं गोंजारलं. दीर्घकाळ भरवसा जडला तो गोंजारणाऱ्यावर. ज्यांना आपण तुकड्यासाठी मागे येणारी समजतो, ती हातासाठी येत असतात.

दत्तक घेणं म्हणजे दया दाखवणं नव्हे. ते काम आहे. आधी घरातल्या सगळ्यांचा होकार, घरमालकाचाही. मग पशुवैद्याकडे तपासणी, जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि नंतर दरवर्षी. साधारण सहा महिन्यांनी नसबंदी. मादी त्रेसष्ट दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. एका मादीची नसबंदी म्हणजे किती पिल्लांचं मरण टळतं, हे वरच्या आकड्यांवरून ज्याचं त्याने काढावं. मोठं कुत्रं घरी आणलं तर त्याला वेळ द्यावा. पहिले काही दिवस ते कोपऱ्यात बसेल, खाणार नाही. काही आठवड्यांत घराच्या वेळा ओळखेल. घर आपलं वाटायला दोन-तीन महिने लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘हे काही रमत नाही’ म्हणून परत सोडणारे लोक भेटतात. त्यांनी मुळात घ्यायलाच नको होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टचा दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बदलला. त्या दुसऱ्या आदेशात एक वाक्य फारसं चर्चेत आलं नाही. प्राणीप्रेमी माणसं नगरपालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेऊ शकतात आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. कुत्र्यांवरून हा वाद आपल्याकडे नवा नाही. जून १८३२ मध्ये इंग्रजांनी मुंबईत मोकाट कुत्री मारायची मोहीम चालवली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. जवळपास दोनशे वर्षं आपण मारायची की खायला घालायची एवढ्याच दोन टोकांवर भांडतो आहोत. आणि चावा घेतलेल्या माणसाचा विचार न करता प्राणीप्रेम सांगणं मला पटत नाही. आयसीएमआरच्या ताज्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसं रेबीजने मरतात. हा आजार एकदा उमटला की उपाय नाही. त्यामुळे चावल्यावर किंवा ओरखडल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद, चुना, मिरचीची पूड, भगत, यांत वेळ दवडायचा नाही. मिरचीच्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगावं लागतं.

गावठी कुत्र्यात काही दम नसतो म्हणणाऱ्यांनी कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमाभागातले मुधोळ आणि लातूरकडचे कारवानी-पश्मी आठवावेत. आणि हुशारीच हवी असेल तर बीड पोलिसांचा रॉकी आठवावा. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केलेल्या या श्वानाला ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसांनी सन्मानाने निरोप दिला. त्याचा उल्लेख पंतप्रधानांनी ३० ऑगस्टच्या ‘मन की बात’मध्ये केला, आणि त्याच भाषणात कुत्रा पाळायचा तर देशी पाळा असंही सांगितलं.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात साडेबारा लाखांहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. एवढी कुत्री घराघरांत सामावणार नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणून २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी, असं ते सांगतात. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. नंदुरबारच्या, शहाद्याच्या, तळोद्याच्या, नवापूरच्या नागरिकांनी आपल्या पालिकेला लेखी विचारावं की नसबंदीसाठी यंदा किती तरतूद आहे, शस्त्रक्रिया कुठे होते, सोसायटीची बैठक शेवटची कधी झाली. विचारणारे दहा जण झाले की उत्तर द्यावंच लागतं. आजारी जनावरासाठी १९६२ हा मदत क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

या दिवाळीत एवढं करा. फटाके वाजणार असतील त्या संध्याकाळी आपल्या कुत्र्याला लवकर फिरवून आणा. आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा आणि रेडिओ चालू ठेवून, पाणी भरून ठेवा; गळ्यात नाव आणि फोन नंबर असलेला पट्टा असू द्या, कारण घाबरून पळालेलं कुत्रं त्यावरूनच परत येतं. दाराशी झोपणाऱ्या गल्लीतल्या कुत्र्यालाही तेवढे चार दिवस जिन्याखाली जागा द्या. त्याच्या शेपटीला लड बांधणारं पोर दिसलं तर गप्प बसू नका. कुत्र्याच्या कपड्यांवर किंवा खेळण्यावर जो खर्च करणार होतात, त्यातून गल्लीतल्या एका मादीची नसबंदी आणि एका पिल्लाची रेबीजची लस करून घ्या. आणि घरात कुत्रं आणायचं ठरलंच असेल, तर पैसे भरण्याआधी एकदा आपल्याच गल्लीत फिरून या.